चौथा ठोका उशिरा

३ फेब्रुवारी, मंगळवार

लाँड्री सातला उघडली. हॉस्पिटलच्या चादरी दुपारपर्यंत निघाल्या, हॉटेलचे टॉवेल उद्यावर गेले. मावशींचा गुडघा ठणकत होता म्हणून त्यांना बसून घड्या घालायला सांगितले. मावशी आमच्याकडे अगदी सुरुवातीपासून आहेत. मुळात त्या कोणाच्या मावशी, हे आता त्यांनाही आठवत नसावे. साबणवाला यंदाची डायरी देऊन गेला, महिनाभर उशिरा. दरवर्षी ती माझी बायको घ्यायची. पुढे त्या डायरीचे काय व्हायचे, मी कधी विचारले नाही. ही, म्हणजे बायको, गेल्या जुलैत गेली. डायरी टेबलावर पडून राहिली आणि कोरी टाकून द्यायला जीव होईना.

लिहावे असे आज एकच घडले. दुपारी रेडिओवर आमच्या टिल्लीची मुलाखत होती. टिल्ली आमची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून टिल्ली, आता माझ्यापेक्षा चार बोटे उंच आहे. ती गाते. सोल आणि फंक म्हणतात त्यातले. पहिली रेकॉर्ड उन्हाळ्यात येणार आहे, आणि लोक तिला आत्ताच ओळखू लागले आहेत. निवेदकाने विचारले, हे सगळे कुठून आले, तुमच्यावर प्रभाव कोणाचा? टिल्ली भरभरून बोलली. समुद्रापलीकडची कितीतरी नावे घेतली. एक बाई, जी प्रार्थनेच्या घोळक्यात गाता गाता मोठी झाली. एक बेस गिटार वाजवणारा, जो म्हणे अर्धा वेळ काहीच वाजवत नाही, आणि त्याचेच सगळ्यात जास्त कौतुक. मग निवेदक म्हणाला, "आणि घरी? घरी कोणी गायचं?"

ती जरा थांबली. "नाही," म्हणाली. "घरी कोणी गात नव्हतं."

मी रेडिओ बंद केला. मावशी हातातली घडी अर्धवट धरून बसल्या. "दादा, पुढचं ऐकायचं होतं की," म्हणाल्या. परत लावला तोवर बातम्या लागल्या होत्या.

पंचवीस वर्षे ही इस्त्रीच्या मोठ्या रोलर मशीनच्या अलीकडे उभी राहून चादर आत सोडायची आणि मी पलीकडे उभा राहून झेलायचो. तेवढी सगळी वर्षे ती गुणगुणत होती. शब्द नसायचे. मशीनच्या तालावर काहीतरी चालू असायचे. आमच्या मशीनला खोड आहे. छोटे चाक चारदा फिरते तेव्हा मोठे एकदा फिरते, आणि मोठ्याचा एक दात झिजला आहे. त्यामुळे तीन ठोके सारखे पडतात आणि चौथा जरा अडखळून. त्या अडखळण्याच्या जागी ही श्वास घ्यायची. टिल्ली तेव्हा कपड्यांच्या ट्रॉलीत झोपायची, गरम चादरींच्या ढिगावर. ती म्हणते घरी कोणी गात नव्हते.

मला गाण्यातले काही कळत नाही. माझे म्हणणे एवढेच की तिने एकदा चारचौघांत आईचे नाव घ्यावे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

टिल्लीचा फोन आला. मी ठरवून बसलो होतो की विचारायचे. झाले ते असे.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो. तू?"

"मीपण. गोळ्या?"

"घेतल्या."

"मशीन कसंय?"

"कुरकुरतंय."

"चालू आहे ना पण?"

"न चालून सांगते कोणाला."

ती हसली. मी म्हणालो, "बरं, ठेवतो." आणि ठेवला. ठेवल्यावर स्वतःचाच राग आला. आमच्या दोघांचे बोलणे आधी हिच्यामार्फत चालायचे. टिल्ली आईला सांगायची, आई मला सांगायची, मी जे म्हणायचो त्यातले निम्मे ही गाळून पलीकडे द्यायची. आता गाळायला कोणी नाही आणि गाळण्यासारखे काही बोलताही येत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

पेपरच्या पुरवणीत टिल्लीच्या आवडत्या रेकॉर्डबद्दल अर्धे पान आले आहे. तिचा फोटोही आहे, केस विंचरलेले नाहीत. सुट्टी होती म्हणून ती सगळी गाणी फोनवर शोधून ऐकली. म्हटले, पाहू तरी आईपेक्षा कोण मोठे लागून गेले आहेत.

पहिल्या गाण्यात बाई पहिल्या ओळीतच इतकी काकुळतीला येते की पुढे जागाच उरत नाही, तरी ती आणखी जाते. दुसऱ्यात एक माणूस एकच वाक्य म्हणत राहतो. तोंडाने फुंकायचे हॉर्न वाजवणारे मधूनच दचकवतात. बेस कोणता हे बराच वेळ कळेना. टिल्लीने एकदा सांगितले होते की जो पोटात ऐकू येतो तो. पोटावर हात ठेवून पाहिले. जेवण जड झाले होते, बाकी काही नाही. तिसऱ्या गाण्याच्या मागे सारखी खरखर आहे. टिल्लीने पेपरात लिहिले आहे, 'मला फार स्वच्छ आवाज आवडत नाहीत. धुऊन काढलेल्या आवाजात माणूस राहत नाही.' आमचा सगळा जन्म धुण्यात गेला. मुलीने हेच शिकावे ना.

एक गाणे मात्र दोनदा ऐकले. त्यात बाई शब्दाच्या आधी क्षणभर थांबते. दरवेळी वाटते आता विसरली, आणि मग ती येते. ऐकताना माझा उजवा हात टेबलावर पुढे सरकलेला होता, पंजा उघडा ठेवून. का ते कळले नाही. पाण्याचा पेला सांडला.

१५ फेब्रुवारी, रविवार

टिल्लीने एका कार्यक्रमाची चित्रफीत पाठवली होती. मावशींनाही दाखवली, त्या गुडघ्याचे औषध न्यायला आल्या होत्या, ते लाँड्रीतच विसरले होते.

समोर तरुण मंडळी बसलेली, टिल्ली उंच स्टुलावर. कोणीतरी विचारले, "तुमच्या गाण्यात ठोका नेहमी जरा मागे रेंगाळतो. हे कोणाकडून घेतलंत?"

टिल्ली म्हणाली, "आमच्याकडे एक म्हातारा ड्रमर होता. जागचा हलायचा नाही, दिवसभर वाजवायचा, आणि वेळेवर कधी यायचा नाही. सगळं त्याच्याकडून चोरलं."

लोक हसले. माझे डोके फिरले. आमच्याकडे ड्रमर? या घरात कपडे वाळत घालायला जागा नव्हती, ड्रम कुठे ठेवणार होतो? आई गायची ते टिल्लीला आठवत नाही आणि जो नव्हताच तो ड्रमर आठवतो. लोकांसमोर काहीतरी चटपटीत बोलायचे म्हणून बोलायचे.

मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"तुम्हाला काय झालं हसायला?"

"काही नाही. असेल की दादा."

"कुठे होता? मी आंधळा होतो का?"

"तुम्ही कामात होता," असे म्हणून त्या औषध घेऊन गेल्या. आजकाल सगळेच मला वेड्यात काढतात.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

टिल्ली एक तारखेला येते आहे. बरोबर तिच्या बँडचा ड्रमर असणार, रेकॉर्डिंगचे कामही तोच पाहतो. म्हणाली, "बाबा, सुट्टी असली तरी त्या दिवशी मशीन चालू ठेवा हं. आम्ही माइक आणतोय."

"कशाला?"

"आल्यावर सांगते. फक्त चालू ठेवा."

पुरवणीवाल्यांना लाँड्रीचे काही हवे असणार. गायिका लहानपणी कुठे वाढली वगैरे. येऊ देत. पण माइक लावणार आणि आमचे मशीन लंगडत चालणार, हे काही बरे दिसत नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, बायको गेली आणि याने दुकान वाऱ्यावर सोडले.

आणखी एक आहे, ते इथेच लिहितो. तो ठोका मला ऐकवत नाही. पूर्वी त्याच्यावर हिचे गुणगुणणे असायचे. आता नुसता ठोका राहिला आहे. तीन पडतात, चौथ्याला थांबतो, आणि त्या थांबण्यात कोणी श्वास घेत नाही. दिवसभर हे चालते.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सुटे भाग कातून देणाऱ्या लेथवाल्याने मशीनची दोन्ही चाके नवीन करून आणली. कालपासून आज दुपारपर्यंत खपून बसवली, साखळी ताणून घेतली, सगळीकडे तेल दिले. बाहेरच्या पत्र्याला रंगाचा हातही मारला. चालू केले तर आवाजच नाही. नुसते गुंजन, पंख्यासारखे. लेथवाला म्हणाला, "आता पाळण्यातलं पोरसुद्धा उठणार नाही." जुनी चाके त्यालाच देऊन टाकली, भंगारात जातील.

मावशी बराच वेळ मशीनकडे पाहत उभ्या होत्या.

"असू द्यायचं होतं, दादा."

"का? खडखडाट बरा होता?"

"बरा असं नाही. पण आता आत कोणी नसल्यासारखं वाटतं."

त्यांच्या बोलण्याकडे लक्ष दिले नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा हे मशीन नीट चालते आहे. हिला दाखवायला हवे होते. ही म्हणाली असती, आता मला ऐकू येईल तुम्ही पलीकडून काय पुटपुटता ते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज दोनदा चादर हातून निसटून जमिनीवर गेली. परत धुवावी लागली. कालही असेच झाले. मावशींच्या हातूनही टॉवेल सुटतात. लेथवाल्याला बोलावून दाखवले. त्याने खाली वाकून, कान लावून पाहिले. म्हणाला, मशीन बिनचूक आहे, तुम्हीच हात उशिरा नेता. माझेच वय झाले असेल.

ज्या दिवशी हिला हॉस्पिटलमध्ये नेले त्या दिवसाची आठवण झाली. हॉस्पिटल आपलेच गिऱ्हाईक. तिला ज्या पलंगावर ठेवले त्याच्या चादरीच्या कोपऱ्यावर आमची लाल दोऱ्याची खूण होती. तिनेच ती बोटांनी चाचपून मला दाखवली. म्हणाली, "तुमची घडी आहे. कडा बघा, एक सूत पुढेमागे नाही." मला त्यावर काही बोलायचे होते. नर्स आली.

१ मार्च, रविवार

आज जे झाले ते सरळ लिहून काढतो.

अकराच्या सुमाराला टिल्ली आली. ड्रमर बरोबर होता, लांब हातांचा, शांत मुलगा, खांद्यावर दोन पिशव्या. मला काका म्हणाला आणि बूट बाहेर काढून आला, लाँड्रीत कोणी बूट काढत नाही. मावशीही मुद्दाम आल्या होत्या. टिल्लीने त्यांना मिठी मारली, मला मारू की नको अशी उभी राहिली, मग माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. हीही तसेच करायची.

ड्रमरने तीन माइक मशीनभोवती लावले. एक तर आत चाकांजवळ. कानावर हेडफोन चढवले आणि टिल्लीला अंगठा दाखवला.

"बाबा, करा चालू."

"चालूच आहे," मी म्हणालो.

ड्रमरने हेडफोन काढून एकदा पाहिले, पुन्हा लावले. टिल्ली पुढे आली आणि तिने मशीनच्या पत्र्यावर हात ठेवला. काल रंगाचा दुसरा हात मारला होता, तो अजून थोडा ओला होता, तिच्या हाताला लागला. तिकडे तिचे लक्ष नव्हते.

"काय केलंत याला?"

"दुरुस्त केलं. दोन्ही चाकं नवीन. तू येणार म्हणून."

"जुनी कुठायत?"

"लेथवाल्याला दिली."

ती ट्रॉलीच्या कडेवर बसली. तेवढ्यात मला सगळे लख्ख कळले, म्हातारा ड्रमर कोण तेही. इतक्या उशिरा कळले याची लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

"आवाज हवा होता तर तसं सांगायचं."

"सांगितलं होतं. मशीन चालू ठेवा म्हणून."

"ते चालूच ठेवलंय."

ड्रमर खोकला. मावशी त्याला म्हणाल्या, "चल बाळा, तुला बाहेरचा नळ दाखवते," आणि त्याला घेऊन बाहेर गेल्या. त्याला नळाचे काय काम होते देव जाणे, पण गेला मुकाट्याने.

दोघेच उरल्यावर मी बोललो. महिनाभर साठले होते. "मशीन आठवतं तुला. त्याचं कौतुक जगभर सांगत फिरतेस. आणि आई गायची ते? रेडिओवर सांगितलंस, घरी कोणी गात नव्हतं."

"तुम्ही ऐकलंत ते?"

"सगळ्यांनी ऐकलं."

ती हाताला लागलेला रंग पुसत राहिली. मग म्हणाली, "बाबा, 'तू गातेस' असं आईला कोणी म्हटलं की ती काय करायची?"

मला माहीत होते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी विचारले होते, काय गातेस. 'मी? मी कुठे गातेय,' म्हणाली, आणि नंतर कितीतरी दिवस मशीनचाच काय तो आवाज होता. पुन्हा मी कधी विचारले नाही.

"थांबायची," टिल्ली म्हणाली. "मी ट्रॉलीत जागी असायचे ना, तरी डोळे मिटून पडायचे. उघडले की बंद व्हायचं. आख्खं लहानपण मी झोपेचं सोंग करून गाणं शिकले. आता रेडिओवर त्या माणसाला काय सांगू? मला अजून वाटतं, सांगितलं की ती थांबेल."

मी म्हणालो, चहा ठेवतो.

चहा कोणीच नीट प्यायले नाही. रेकॉर्डवरचे शेवटचे गाणे त्या आवाजावर उभे करायचे होते, असे ड्रमरने मला बाहेर सांगितले. स्टुडिओत सगळे प्रयत्न करून झाले, तो चौथा ठोका किती उशिरा यावा हे कोणालाच जमत नाही. थोडा कमी केला तर चूक वाटते, थोडा जास्त केला तर नाटक. "काही हरकत नाही, काका," म्हणाला. हरकत नाही असे लोक तेव्हाच म्हणतात.

३ मार्च, मंगळवार

लेथवाल्याकडे गेलो. चाके भंगारात गेली, तिथून धातू ओतणाऱ्याकडे, आणि आता कशाचा तरी भाग झाली असणार. "पितळ चांगलं होतं त्याचं," म्हणाला, जणू मला तेवढेच जाणून घ्यायचे होते.

परत आल्यावर कानस घेतली आणि नव्या मोठ्या चाकाचा एक दात घासला. चालू केले तर कडकड वाजू लागले, थांबले मात्र कुठेच नाही. आणखी घासला. मावशी म्हणाल्या, "हे नुसतं खोकतंय दादा, ते बोलायचं." कानस फेकून दिली. मग उचलून जागेवर ठेवली.

टिल्लीला फोनवर सांगितले. म्हणाली, "नका करू बाबा. जाऊ दे." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

एवढी वर्षे जे बिघडलेले होते ते मी स्वतःच्या हाताने नीट केले आणि त्यात जे होते ते घालवले. आणि हे करताना मला वाटत होते की मी तिच्यासाठी करतो आहे. दात पुन्हा लेथवाल्याकडून भरून घ्यावा लागेल.

८ मार्च, रविवार

घासलेला दात काल लेथवाल्याने भरून दिला, मशीन पुन्हा नुसते गुंजते. टिल्ली आणि तो ड्रमर पुन्हा आले, न कळवता. तिच्या हातात माइक नव्हता, त्याच्याही नाही. मावशींनी तिला फोन करून काहीतरी सांगितले असावे. काय, ते दोघीही सांगत नाहीत.

"बाबा, थोड्या चादरी काढू या?"

"आज? सुट्टी आहे."

"असू दे. मी सोडते, तुम्ही झेला."

ती अलीकडे उभी राहिली, हिच्या जागेवर. मी पलीकडे गेलो. ड्रमरने एक बादली पालथी घातली आणि माझ्या बाजूला, जरा खाली, बसला. मला वाटले तो चाके बघणार. तो माझ्या हातांकडे बघत होता. लोक हातांकडे बघत असले की मला काम सुचत नाही.

नेहमीप्रमाणे दोन-तीन चादरी नीट आल्या आणि पुढची निसटली. मी चरफडत उचलली. पुन्हा तेच. ड्रमर टिल्लीकडे बघून हसला. त्याने मांडीवर बोटांनी ठोके द्यायला सुरुवात केली. मी म्हणालो, "हसायला काय झालं? हात उशिरा जातो. वय झालं."

"नाही काका, चालू द्या. बरोबर चाललंय."

"बरोबर काय त्यात? चादर खाली पडली."

"पडू दे," टिल्ली पलीकडून म्हणाली. "धुवायला मी आहे."

किती चादरी पडल्या मोजल्या नाहीत. मला राग येत होता आणि दोघे मात्र खुशीत, जणू चादर पडावी म्हणूनच आले होते. ड्रमर आता दोन्ही हातांनी बादलीवर वाजवत होता, हळू. माझा हात पुढे गेला की त्याचा पडायचा. हल्लीच्या मुलांना कशातही मजा येते.

मग थोड्या वेळाने मला पलीकडून गुणगुणणे ऐकू आले.

शब्द नव्हते. चादर सोडता सोडता चालले होते, मधे एके ठिकाणी श्वास. मी वर पाहिले नाही. ड्रमरनेही मान वर केली नाही, त्याला कोणी सांगितले होते की त्याचे त्यालाच कळले, माहीत नाही. मावशी दाराशी होत्या, त्यांनी बाहेर तोंड फिरवले. मी खाली बघत येईल ती चादर झेलत राहिलो. आज चादरी संपायला नको होत्या. संपल्या.

जाताना टिल्लीने पडलेल्या सगळ्या चादरी खरोखरच धुवायला टाकल्या. मी विचारले, मिळाले का काही तुम्हाला? ती म्हणाली, "मिळालं." मला बरे वाटावे म्हणून म्हणाली असणार.

१७ मार्च, मंगळवार

हॉटेलवाल्याने तक्रार केली, चादरीची कड वाकडी येते. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. नव्या चाकांशी माझे अजून जमत नाही. मावशी म्हणतात जमवून घेऊ नका. त्यांचे काय जाते, गिऱ्हाईक माझे.

२२ मार्च, रविवार

टिल्लीने सकाळी शेवटचे गाणे पाठवले. रेकॉर्डवर जाण्याआधी मी ऐकावे म्हणून. पोटावर हात न ठेवता ऐकले. बेस ऐकू आला.

ठोके आहेत. तीन सारखे, आणि चौथा उशिरा. अगदी तेवढाच उशिरा, कमी नाही, जास्त नाही. मी उठून उभा राहिलो. तिला फोन केला.

"हा कुठून मिळवलात? जुनं कुठलं रेकॉर्डिंग सापडलं का?"

"नाही बाबा. तुमचाच आहे तो."

माझा म्हणजे लाँड्रीचा, असे तिला म्हणायचे असावे. कुठेतरी सापडले असणार, सांगत नाही एवढेच. काही का असेना, झाले ते बरे झाले. मी म्हणालो, "आईचं नाव कुठेच नाही यात." ती म्हणाली, "शेवटपर्यंत ऐकलंत?" ऐकले नव्हते. शब्द संपले तेव्हा गाणे संपले असे समजून मी बंद केले होते.

पुन्हा लावले. शब्द संपल्यावर ती नुसती गुणगुणते. जरा लांबून, माइककडे पाठ केल्यासारखी. कोणी ऐकते आहे हे माहीत नसल्यासारखी. मग तेही विरत जाते आणि ठोका थोडा वेळ एकटाच चालतो.

तिने नाव घेतले नाही. माझे म्हणणे अजूनही तेच आहे की एकदा घ्यावे. पण फोनवर पुन्हा म्हणालो नाही.

दुपारी आमच्या पलंगावरची चादर काढली. जुलैपासून मी तिच्या अर्ध्या भागावर झोपत होतो, उरलेली तशीच होती. लाँड्रीत नेऊन धुतली, पिळून घेतली आणि मशीन चालू केले. एकट्याने करायचे म्हणजे अलीकडून चादर सोडायची आणि वळसा घालून पलीकडे ती बाहेर यायच्या आत पोहोचायचे. पोहोचलो. झेलली. दोन माणसांची चादर एकट्याने घडी घालायची तर एक टोक हनुवटीखाली धरावे लागते. तसे धरले. निम्मी घडी झाल्यावर लक्षात आले की माझ्या घशातून काहीतरी आवाज येतो आहे.

मान वळवून पाहिले. कोणी नव्हते.

लाल दोऱ्याचा कोपरा शोधला, त्यावर दुसरा कोपरा लावला आणि उरलेली घडी घातली.